गाठ मानेवरची, साथ घरची



उसाची तोड लांबली की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वजन घटते, उतारा उतरतो, आणि मग स्लीपबॉयवर चिडून काही हाती लागत नाही. ऊस वेळेवर गव्हाणीत पडावा म्हणून आपण गट ऑफिसच्या चार चकरा मारतो. पण घरच्या माणसाच्या अंगावर गाठ दिसली तर काय म्हणतो? "रोवणी होऊ द्या." "धान निघू द्या." "उसाचा पहिला हप्ता हाती येऊ द्या." या "होऊ द्या"पायी आमच्या घरी काय घडले ते सांगावे आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवावे, यासाठी हा लेख.

माझा पुतण्या बावीस वर्षांचा, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असायचा. ऐन हंगामात त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती. दादा म्हणाला, "दुखत नाही ना, मग राहू दे." पुढे संध्याकाळी कणकण येऊ लागली. रात्री घामाने गोधडी ओली व्हायची. कुणी लेप सांगितला, तो लावला. एका डॉक्टरांनी क्षयाची गाठ असेल म्हणून गोळ्या सुरू केल्या. गाठीचा तुकडा तपासा, असे ना ते म्हणाले, ना आम्ही विचारले. चार महिन्यांत बोराचे लिंबू झाले आणि पोराचे वजन आठ किलोने उतरले. शेवटी नागपूरला नेले, गाठ काढून तपासली, तेव्हा निदान हाती आले. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग.

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादाने एकच विचारले, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "दिवस कसले मोजता? याला बरा करायचा आहे." तो पोरगा आज पुन्हा ट्रॅक्टरवर आहे. पण वाया गेलेले चार महिने आम्हा सर्वांना अजून टोचतात.

लसिका म्हणजे काय?

रक्ताच्या नळ्यांसारखेच शरीरात आणखी एक नळ्यांचे जाळे आहे. त्यातून वाहणारा पाण्यासारखा रस म्हणजे लसिका. मानेत, काखेत, जांघेत आणि पोटात या नळ्यांवर घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथी असतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती ठाणीच म्हणा ना. आपल्या पूर्व विदर्भाला हत्तीपाय नवा नाही. त्या रोगाचा कृमी याच नळ्यांत मुक्काम करतो, नळ्यांचे काम बिघडते आणि पाय सुजतो. लिम्फोमात कृमी नसतो, जंतूही नसतो. लढणारी पेशीच बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते.

म्हणून हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, एका खाटेवर बसल्याने नाही. आमच्याकडे काही सोयऱ्यांनी येणे बंद केले होते. त्यांचा राग नाही, पण ते अज्ञान होते.

लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या रोगाचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, म्हणून एका जातीला त्यांचे नाव. बाकीच्या अनेक जातींना मिळून नॉन-हॉजकिन लिम्फोमा म्हणतात. उसाला खोडकिडा लागला की हुमणी हे पाहिल्यावाचून औषध ठरत नाही, तसेच इथे जात कळल्यावाचून उपचार ठरत नाही.

गाठ दिसली तर

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. दात किडला, घसा बसला, पायाला जखम झाली, तरी गाठ येते आणि जाते. क्षयाची गाठ आपल्याकडे बरीच आढळते. पण दोन-तीन आठवड्यांत गाठ कमी झाली नाही, उलट वाढली, न दुखता रबरासारखी लागली, तर थांबू नये. सोबत कारण नसलेला ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन कमी होणे, किंवा अंगाला सतत खाज, यांपैकी काही असेल तर मुळीच थांबू नये.

निदान तुकडा तपासूनच होते. सुईने पाणी काढून केलेली तपासणी पुष्कळदा अपुरी पडते. शक्य तर अख्खी गाठ काढून तपासतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही समजूत चुकीची आहे, तिच्यापायी माणसे महिने घालवतात. क्षयाचे औषध घेतले तर हरकत नाही, पण "क्षय आहे हे कशावरून ठरवले?" एवढे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

"चौथी पायरी" ऐकून धीर सोडू नका. इतर काही कर्करोगांत चौथ्या पायरीला आशा थोडी असते, लिम्फोमात तसे नाही. हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण उपचारांनी बरे होतात, पुढच्या पायरीचेही. नॉन-हॉजकिनमधील सर्वांत जास्त आढळणाऱ्या वेगवान जातीतही दहापैकी साधारण सहा बरे होतात. काही मंद जाती मुळापासून जात नाहीत, पण माणूस त्यांच्यासह वर्षानुवर्षे कामधंदा करतो. आपल्या मराठी रंगभूमीवरील नट श्री. शरद पोंक्षे यांना हॉजकिन लिम्फोमा झाला होता. उपचार संपवून ते २०१९ मध्ये 'हिमालयाची सावली' नाटकातून पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. त्या दिवसांवर त्यांनी 'दुसरं वादळ' हे पुस्तकही लिहिले आहे.

आपल्या शेतातली पावडर

हा रोग नेमका कशाने झाला हे एकेका रुग्णापुरते सांगता येत नाही. वहिनी स्वतःला दोष देत होती, "मी काय खाऊ घातलं?" तिचे काही चुकले नव्हते. पण शेतकरी म्हणून एक गोष्ट आपण जाणून घ्यावी. जुन्या सभासदांना गॅमॅक्सीनची पावडर आठवत असेल. हाताने फेकायची आणि त्याच हाताने भाकर खायची. तिच्यातले मारक द्रव्य लिंडेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन हे माणसात नॉन-हॉजकिन लिम्फोमा घडवणारे द्रव्य ठरवले. भारतात त्याचा वापर २०१३ पासून बंद आहे. ज्याने पावडर फेकली त्याला रोग होणारच, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, की आज जे औषध फवारतो तेही हातमोजे, तोंडावर फडके आणि अंगभर कपडे घालूनच फवारावे. वाऱ्याकडे पाठ ठेवावी आणि घरी येताच आंघोळ करावी. घरात जुनी पुडी पडून असेल तर ती वापरू नये, पाटात किंवा विहिरीजवळ टाकू नये. कृषी खात्याच्या माणसाला विचारूनच तिची विल्हेवाट लावावी.

औषधांचे सहा महिने

पुतण्याला दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे सहा महिन्यांत बारा वेळा सलाईनमधून औषध दिले. इटलीतील मिलान येथे डॉक्टर बोनाडोना यांनी १९७० नंतरच्या दशकात बसवलेली चार औषधांची ही जोडणी आजही जगभर चालते. नॉन-हॉजकिनमध्ये बहुधा दर एकवीस दिवसांनी औषध असते. त्यात रिटुक्सिमॅब नावाचे औषध असते. २००७ पासून ते भारतातही तयार होऊ लागले आणि किंमत उतरली. हे औषध देण्यापूर्वी 'ब' प्रकारच्या काविळीची रक्ततपासणी आवश्यक असते, ती झाली का हे विचारावे. तरुण रुग्णाने पुढे मूलबाळ होण्याबद्दलही उपचार सुरू होण्याआधीच बोलून घ्यावे. लाज धरू नये.

यातल्या एका लाल औषधाने लघवी दोन दिवस लाल होते. आम्ही रक्त समजून घाबरलो होतो. केस गेले ते परत आले. पण एक गोष्ट वाचकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. औषधानंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या काळात १००.४ डिग्रीचा ताप म्हणजे घरात आग लागल्यासारखे समजावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नये.

तिसऱ्या वेळेनंतर पुतण्याला रात्री दोनला १०१ ताप चढला. दादा म्हणाला, "उजाडल्यावर जाऊ." वहिनीला अक्षरओळख बेताचीच, पण नर्सबाईंनी समजावलेला कागद तिने देवघरापाशी चिकटवला होता. ती म्हणाली, "उजाडेपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांनी सांगितलंय." शेजाऱ्याची जीप काढली, तासाभरात भंडारा, तिथून नागपूर. शिरेतून औषध सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर हाती काही राहिले नसते. पोराला एका कागदाने आणि आईच्या हट्टाने वाचवले.

सांभाळणाऱ्यासाठी

घरी थर्मामीटर हवाच. पाणी उकळलेले, अन्न ताजे शिजवलेले. अंडे, डाळ, दूध चालते, पण दूध उकळून. आपण ऊसवाले, म्हणून मुद्दाम सांगतो, उपचार चालू असताना रसवंतीचा रस नको. बर्फ आणि हाताळणी यांचा भरवसा नसतो. रुग्णाने गोठा झाडू नये, बुरसटलेली तणस उचलू नये. गर्दीचे लग्न टाळावे. भेटायला येणाऱ्याने हात धुवावे, सर्दी असेल तर येऊच नये. गावठी औषध दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नये.

एक वही करावी. तारीख, ताप, औषध, रक्ताचा आकडा, पुढची तारीख आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीत लिहावेत. सगळे कागद एकाच पिशवीत आणि पिशवीची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. रुग्णापासून रोगाचे नाव लपवू नये, त्याला सारे कळत असते. सांभाळणाऱ्यालाही विसावा लागतो. वहिनी सहा महिने नीट झोपली नाही, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्याने जागावे.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपये झाली. योजनेतल्या रुग्णालयातच ती चालते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी रेशन कार्ड व आधार घेऊन तेथील आरोग्यमित्राला भेटावे. उपचारासाठी जाताना रेल्वेत शयनयान डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला पूर्ण माफी आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. महाराज स्वतः १९६८ साली याच रोगाने गेले. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मुंबईला जावे लागले तर परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथे आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली व्ही केअर ही संस्था रुग्णांना व नातेवाइकांना धीर आणि माहिती देते. आणि रोग उलटला तरी वाट संपत नाही. टाटा रुग्णालय व मुंबईची आय.आय.टी. यांनी रुग्णाच्याच पेशी सुधारून देण्याचा उपचार घडवला. काही जातींसाठी त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो अजून महाग आहे, पण आपल्या देशात झाला आहे.

सभासदांना विनंती

औषधाची तारीख आणि तोडीची तारीख एकाच दिवशी आली तेव्हा शेजारच्या तिघा सभासदांनी आमचा ऊस तोडून, भरून वजनकाट्यापर्यंत नेला. त्यांनी "काळजी करू नका" असे तोंडाने म्हटले नाही, ट्रॉली भरली. मदत ती हीच. ज्याच्या घरी असे आजारपण आहे त्याच्या उसाला तोडीत अग्रक्रम द्यावा, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. आपण पाठिंबा द्यावा. गावोगावी रक्तदात्यांची एक यादीही करून ठेवावी.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर घरच्या माणसांना एवढे विचारा, "कुणाला कुठे न दुखणारी गाठ आहे का?" असेल, तर रोवणीची वाट बघू नका.

— आपला एक सभासद