पित्ताशयाचं ऑपरेशन बिघडलं तर? कायदा काय म्हणतो, घड्याळ काय म्हणतं

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

विषय आला एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून. त्याच्या आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. "साधं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी" असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे झाले. दुसऱ्या हॉस्पिटलात कळलं की पित्तनलिकेला इजा झालीय. मग परत ऑपरेशन, महिनाभर अ‍ॅडमिट. त्याचा प्रश्न एवढाच होता: "आम्ही काही करू शकतो का, की नशीब म्हणून सोडून द्यायचं?"

करू शकता. पण आधी नेमकं काय बिघडतं ते बघू.

चूक कुठे होते?

यकृतातून पित्त ज्या मुख्य नळीने आतड्यात जातं, तिलाच एका छोट्या नळीने पित्ताशय जोडलेलं असतं. ऑपरेशनमध्ये ही छोटी नळी क्लिप लावून कापायची असते. सूज असेल, सगळं एकमेकांना चिकटलं असेल, तर मुख्य नळीच छोटी वाटू शकते आणि तीच कापली जाते. म्हणून शिस्त अशी, की पित्ताशयाकडे फक्त दोनच गोष्टी जाताना स्पष्ट दिसल्याशिवाय, म्हणजे ती छोटी नळी आणि एक रक्तवाहिनी, काही कापायचं नाही. दिसत नसेल तर थांबायचं, सिनियरला बोलवायचं किंवा पोट उघडून ऑपरेशन करायचं.

आता एक कडू गोष्ट. इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. चांगल्या सर्जनच्या हातूनही ही गुंतागुंत होऊ शकते. कायदा विचारतो: त्या जागी एखाद्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती, ती घेतली का? बऱ्याचदा केस उभी राहते ती नंतरच्या वागण्यावर. पेशंट दुखतंय म्हणून ओरडतोय, कावीळ दिसतेय, आणि तरी "गॅस झालाय" म्हणून घरी पाठवलं. तपासणी नाही, वेळेवर मोठ्या हॉस्पिटलला पाठवणं नाही. अशा वेळी तुमची बाजू भक्कम होते.

पहिलं काम: कागद

वकील नंतर, आधी कागद. केस पेपर, ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र, नर्सिंग चार्ट, सगळे रिपोर्ट, बिलं. लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवण्याचं बंधनही त्यातच आहे. ऑपरेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं असेल तर तेही मागा. दुसऱ्या हॉस्पिटलचे कागद तितकेच महत्त्वाचे, कारण आत काय सापडलं ते तिथेच लिहिलेलं असतं.

मग जायचं कुठे?

*ग्राहक आयोग.* भरपाई हवी असेल तर बहुतेकांसाठी हाच रस्ता. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी चालतं. 2019 च्या नव्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. हॉस्पिटलला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. पण वैद्यकीय केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टरचं मत बहुधा लागतं, म्हणून जाणकार माणूस सोबत असलेला बरा.

*महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल.* इथे पैसे मिळत नाहीत. डॉक्टरला ताकीद मिळू शकते किंवा नोंदणी निलंबित होऊ शकते. मग उपयोग काय? पंजाबमधली एक केस ऐका. 2004 मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर एक महिला दगावली. राष्ट्रीय ग्राहक आयोगात कुटुंब हरलं. पण भारतीय वैद्यक परिषदेच्या अहवालात हलगर्जीपणाचा ठपका होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या अहवालाकडे दुर्लक्ष करणं चूक होतं, आणि 25 लाखांची भरपाई दिली. अठरा वर्षं लागली, पण त्या अहवालाने केस वाचवली.

*पोलीस.* राग आला की आधी हेच सुचतं. पण 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायला हवं. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. आणि हो, तोडफोड, मारहाण केलीत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

*सरकारी दवाखाना असेल तर?* जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत आहे, तिथे ग्राहक आयोग चालत नाही. दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालय हे मार्ग उरतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही.

आणि आता ते घड्याळ

हा भाग झोपेत असाल तरी ऐका. ग्राहक आयोगात जायला मुदत आहे दोन वर्षं.

गोव्यातल्या एका नर्सचं 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटदुखी काही थांबेना. नऊ वर्षं ती वेदनाशामक गोळ्यांवर राहिली. 2002 मध्ये स्कॅन झाला, दुसरं ऑपरेशन झालं आणि पोटातून गॉज निघालं. 2004 मध्ये तिने तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मुदत संपल्याचं सांगून ती फेटाळली. इजा लपलेली असेल तर कळल्यापासून मुदत मोजता येते, हे कोर्टाने मान्य केलं. पण तू स्वतः अनुभवी नर्स, इतकी वर्षं दुखत असताना ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडे परत का गेली नाहीस, असा त्याचा सूर होता.

पटो न पटो, धडा सरळ आहे. दुखत असेल तर अंगावर काढू नका. परत जा, तक्रार सांगा, ती कागदावर लिहून घ्या. उशीर झालाच असेल तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका.

त्या श्रोत्याला मी एवढंच कळवलं: आधी आईच्या तब्येतीकडे बघ. पण याच आठवड्यात रेकॉर्डसाठी अर्ज दे, आणि ऑपरेशनची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून दोन वर्षांच्या बऱ्याच आधीचा अलार्म लाव. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर सेव्ह कर: 1915.

हे सगळं माहितीसाठी आहे, तुमच्या केससाठी वकिलाशी बोला. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा भाग त्यांना आजच फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!