लपलेल्या दिव्यांची जुळणी

माझ्दा एमएक्स-५च्या पहिल्या पिढीचे (१९८९ ते १९९७) हेडलाइट बॉनेटमध्ये दडलेले असतात. दिवा वर उचलणारी मोटर अडली, तर तिच्यावरची रबरी टोपी काढून आतली गोल मूठ हाताने फिरवायची. दिवा हळूहळू वर येतो. त्याआधी फ्यूज काढायलाच हवा, नाहीतर मोटर अचानक फिरून बोटं चेमटतील.

झोत जुळवण्यासाठी गाडी सपाट जागी, भिंतीपासून साधारण साडेसात मीटरवर उभी करावी. टायरमध्ये हवा नेमकी हवी. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावावी. दिव्याचा एक स्क्रू झोत वर-खाली नेतो, दुसरा डावी-उजवीकडे. लो बीमचा प्रखर भाग पट्टीच्या किंचित खाली राहावा.

दिव्यावरचं झाकण बॉनेटशी समतल बसत नसेल, तर या स्क्रूंना हात लावू नये. त्याची जुळणी वेगळी असते.