बिलातलं युनिट आणि बत्तिस्ता गाडी

मैत्रिणींनो, वरंधा घाटात भरलेली जीप चढताना ड्रायव्हर सारखा गिअर बदलतो. इंजिनाला आधी फिरावं लागतं, मग जोर येतो. विजेच्या मोटरीला तो उभ्या जागेवरूनच मिळतो.

महिंद्रा समूहाची ‘बत्तिस्ता’ ही गाडी २०१९ मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. ती बनते इटलीत. चार चाकांना चार मोटरी, आणि थांबलेली गाडी दोन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरवर! अवघड काम बॅटरीचं. तिच्यात १२० युनिट वीज मावते. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच. तेवढ्यात कित्येक घरांचा महिना निघतो. एवढी वीज झटक्यात ओढली की बॅटरी तापते, म्हणून तिला गार ठेवणारं द्रव सतत फिरवावं लागतं. उतारावर मात्र मोटरच वीज तयार करते आणि थोडी बॅटरीत परत जाते.

कोट्यवधींची ती गाडी आपल्याला काय करायची? पण वेल्ह्याहून भाजी नेणाऱ्या टेम्पोला चढावर हाच जोर हवा. गटाने विजेचा टेम्पो घ्यायचं ठरवलं, तर दुकानदाराला आधी विचारू: भरलेला माल घेऊन घाटात किती किलोमीटर जाईल? बॅटरीची हमी किती वर्षं? आणि रात्री लाइट गेली, तर सकाळपर्यंत चार्जिंग पुरं होईल का?