भेदरलेला हॅम्स्टर आणि मनुष्याचा हात

1930 सालच्या एप्रिल महिन्यात सीरियातील अलेप्पो शहरानजीक एका गव्हाच्या शेतात मजुरांनी जमीन खणावयास आरंभ केला. जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांस एक लहानसा, सोनेरी केसांचा कृंतक प्राणी जिवंत हवा होता. या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस यांनी 1839 मध्येच केले होते. परंतु ते अलेप्पोहून आलेल्या एका मृत नमुन्यावरून. पुष्कळ शेत उकरून झाल्यावर सुमारे अडीच मीटर खोलीवर एक घरटे सापडले. त्यात एक मादी होती आणि तिची अकरा पिल्ले होती. सारे कुटुंब पेटीत घालण्यात आले. तेव्हा मादीने जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाचा चावून प्राण घेतला.

या कृत्यास क्रौर्य म्हणणे सोपे आहे. परंतु ते यथार्थ नव्हे. बीळ उद्ध्वस्त झालेले, भोवती परका वास, निसटावयास वाट नाही, अशा अवस्थेत सापडलेल्या मादीच्या ठिकाणी संगोपनाची प्रेरणा उलटी फिरते, हे अनेक कृंतकांत दिसून येते. आज आपल्या घरी दुकानातून आणलेला हॅम्स्टर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो, बोट पुढे करताच दात दाखवितो, तेव्हा त्या पेटीतील भीतीचाच एक सौम्य अंश आपणांस दिसत असतो.

अहारोनींचा हा खटाटोप हौसेखातर नव्हता. त्यांचे सहकारी, परोपजीवी जंतूंचे अभ्यासक सॉल ॲडलर हे लेश्मानिया या जंतूवर संशोधन करीत होते. याच वर्गातील जंतूंमुळे बिहार, बंगाल व आसाम या प्रदेशांत काळा आजार पसरून असंख्य माणसे दगावली होती. प्रयोगासाठी ॲडलर यांस चीनमधील हॅम्स्टर मागवावे लागत. ते दूरवरून आणणे जिकिरीचे होते आणि बंदिवासात त्यांची वीणही होत नसे. जवळच्या प्रदेशातील एखादी जात हाती लागावी म्हणून हा शोध होता. त्या कुटुंबातील काही पिल्ले पुढे पिंजरा कुरतडून निसटली, काही मेली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून विद्यापीठात वीण झाली. 1931 मध्ये त्यांची संतती इंग्लंडला पोहोचली. आज जगभर घरोघरी व प्रयोगशाळांत असणारे सोनेरी हॅम्स्टर जवळजवळ सर्वच त्या एका घरट्याचे वंशज होत. मूळ प्रदेशात मात्र हा प्राणी दुर्मिळ झालेला असून शेतकरी त्यास पिकाचा शत्रूच समजतात.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. ‘पाळीव’ हे विशेषण जातीस लागते, ‘माणसाळलेला’ हे एकेका प्राण्यास. कुत्रा हजारो वर्षे मनुष्याच्या सहवासात आहे. हॅम्स्टरच्या सहवासास अजून शंभर वर्षेही पूर्ण झालेली नाहीत. म्हणून दुकानातून आणलेला हॅम्स्टर पाळीव खरा, पण माणसाळलेला नसतो. ते कार्य प्रत्येक वेळी नव्याने, त्या एका प्राण्यापुरते करावे लागते. मराठीतील हा शब्द मोठा नेमका आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यात माणसाचा उल्लेख आहे, पण बळजबरीचा नाही.

आता या प्राण्यास जग कसे जाणवते ते पाहू. पूर्ण वाढलेल्या सोनेरी हॅम्स्टरचे वजन साधारणपणे 100 ते 150 ग्रॅम असते. त्याची दृष्टी मंद असते आणि त्यास खोलीचा अंदाज येत नाही. टेबलाच्या कडेवरून तो सहज खाली चालत जाईल. याउलट त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असून मनुष्यास ऐकू न येणारे उच्च स्वरही त्यास ऐकू येतात. दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात. त्या घासून तो आपल्या जागेस आपला वास लावतो. ओळखीचा वास म्हणजे त्याचे घर. नवा पिंजरा, नवी खोली आणि नवा मनुष्य यांपैकी कशासही त्याचा वास नसतो. त्याच्या दृष्टीने तो निर्वासित असतो.

त्यात वरून एक प्रचंड हात खाली येतो. उघड्या माळावर लहान प्राण्याच्या पाठीवर वरून येणारी वस्तू म्हणजे घुबड किंवा शिकारी पक्षी. हात प्रेमाने आला आहे हे त्यास कळण्याचे काही साधन नाही. तो थिजून बसतो, कान मागे चिकटवितो, दात कडकड वाजवितो. अगदी निरुपाय झाल्यास पाठीवर उताणा पडून चारही पाय वर करतो. नवखा पालक त्यास खेळ समजतो आणि बोटाने पोट चाळवितो. मग चावा बसतो, आणि दोष मात्र हॅम्स्टरच्या स्वभावास दिला जातो.

यास्तव पहिले तीन-चार दिवस त्यास मुळीच हात लावू नये. अन्न व पाणी ठेवावे, पिंजऱ्याचा काही भाग कापडाने झाकावा आणि दूर व्हावे. मुलांना हे सर्वांत कठीण जाते, कारण घरी आणलेली वस्तू तत्काळ हाती हवी असते. या अवधीत करण्यासारखे एक काम आहे: पिंजऱ्यात भुसा किंवा कागदाचे कपटे भरपूर खोल पसरणे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॅम्स्टरांस 10, 40 आणि 80 सेंटिमीटर खोलीचे अंथरूण देऊन पाहिले. उथळ अंथरुणावरील हॅम्स्टर पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडीत; सर्वांत खोल अंथरुणात बीळ करून राहणाऱ्यांत ही खोड दिसली नाही. लपावयास जागा दिली तर प्राणी कायमचा लपून राहील, अशी शंका पुष्कळांस येते. अनुभव उलट आहे. ज्यास परतण्यास बीळ आहे तोच बाहेर येण्याचे धाडस करतो.

यानंतर वेळेची निवड. घरातील हॅम्स्टर दिवसा झोपतो व सायंकाळनंतर जागा होतो. येथे एक चमत्कारिक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण तुर्कस्तानातील शेतांत केलेल्या निरीक्षणांत रानटी माद्या बहुतांशी उजेडीच बिळाबाहेर पडत असल्याचे आढळले. पिंजऱ्यात मात्र हीच जात निशाचर होते. असे का घडते, याविषयी अजून चर्चा चालू आहे. पालकाने त्या वादात न पडता आपला हॅम्स्टर जेव्हा आपण होऊन उठेल तेव्हाच त्याच्याजवळ जावे. झोपेतून उठविलेला हॅम्स्टर चावतो, आणि त्यात त्याचा अपराध नाही.

रोज सायंकाळी एकाच सुमारास पिंजऱ्याजवळ बसून हलक्या स्वरात बोलावे. काय बोलावे यास महत्त्व नाही. पाठ्यपुस्तक वाचले तरी चालते. हाताच्या वासाचा कागद किंवा सुती कापडाचा तुकडा घरट्याजवळ ठेवला, तर तो वास ओळखीचा होऊ लागतो. मग हात बिनवासाच्या साबणाने धुऊन, तळवा वर करून, पिंजऱ्याच्या तळाशी निश्चल ठेवावा. हातास खाद्याचा वास असेल तर तो बोटासच खाद्य समजेल. तळव्यावर सूर्यफुलाची एक बी ठेवावी. प्रथम तो बी झटक्याने उचलून गालातील पिशवीत कोंबील व पळून जाईल. (साठेबाजी करण्यास जर्मन भाषेत याच प्राण्याच्या नावावरून क्रियापद बनले आहे, ते उगाच नव्हे.) काही दिवसांनी तो तेथेच बसून बी सोलू लागतो. हा क्षण महत्त्वाचा. खाताना तो बेसावध असतो, आणि बेसावध होण्यास तयार झाला म्हणजे भीती ओसरू लागली.

यास किती दिवस लागतील? कोणास एक आठवडा, कोणास दोन महिने. घाई करणाऱ्यास बहुधा अधिक दिवस लागतात, कारण एका धसमुसळ्या प्रयत्नाने मागील सारे पुसले जाते. चावा बसलाच, तर ओरडू नये व हात हिसडू नये. प्राणी दूर फेकला जाऊन हाड मोडण्याचा संभव असतो. हात हळूच पिंजऱ्याच्या तळाशी टेकवावा, म्हणजे तो आपण होऊन सुटतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने स्वच्छ धुवावी आणि खोल असल्यास डॉक्टरांस दाखवावी.

कधीकधी भीतीचे मूळ आपल्या हातात नसतेच. विक्रेते पुष्कळदा जोडी देऊ करतात. परंतु वयात आलेला सोनेरी हॅम्स्टर एकलकोंडा असतो आणि दोघांतील भांडण रक्तपातापर्यंत जाते. अशा पिंजऱ्यातील दुर्बळ प्राणी अहोरात्र धास्तावलेला राहतो. त्यास प्रथम वेगळा पिंजरा द्यावा. आपल्याकडील उन्हाळाही त्यास बाधतो. ग्लानीत पडून राहिलेल्या प्राण्यास शांत झाला असे समजू नये.

तो तळव्यावर निर्भयपणे चढू लागला, म्हणजे उचलण्याचा प्रसंग येतो. पालकाने जमिनीवर बसावे. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यास खालून, त्याच्या पुढ्यातून, दिसेल असे घ्यावे आणि जमिनीपासून वीतभरापेक्षा अधिक वर नेऊ नये. तो एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू लागेल. हात एकापुढे एक ठेवीत जावे. पहिल्या दिवशी एक-दोन मिनिटे पुरेत. नंतर ओंजळ पिंजऱ्यात नेऊन बिळाच्या तोंडाशी टेकवावी व तो आपण होऊन उतरेपर्यंत थांबावे. पुष्कळदा तो लगेच उतरत नाही. तेथेच बसून पुढील पंजांनी तोंड पुसतो, मिशा साफ करतो आणि मग सावकाश आत शिरतो.