चावी ठेवून निघालात, तरी घर तुमचंच

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानं ही सवलत दिली आहे. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलून मागायचा, नाहीतर परत निघायचं. घर विकायला हे दिवस एरवीही कमीच पडतात. त्यात घरावरचं कर्ज घराच्या किमतीहून जास्त असेल आणि व्यवहार शॉर्ट सेलनं करावा लागणार असेल, तर विचारायलाच नको. अशा वेळी एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत मित्रमंडळींत एक सल्ला हमखास मिळतो : ‘बँकेच्या तोंडावर चावी मारा आणि गाशा गुंडाळा.’ घर सल्ला देणाऱ्याच्या नावावर नसतं, एवढं आधी लक्षात घ्यावं.

शॉर्ट सेल म्हणजे काय ते थोडक्यात. समजा, कर्ज ५ लाख २० हजार डॉलर बाकी आहे आणि घराला गिऱ्हाईक मिळतंय ४ लाख ६० हजारांचं. त्यातूनही एजंटचं कमिशन आणि क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पुरा करण्याचा, खर्च जाणार. तूट खिशातून भरण्याची ऐपत नाही. मग कर्ज देणाऱ्या संस्थेला कागदपत्रांसह विनंती करायची की येतील तेवढ्या पैशांवर तारण मोकळं करा. तिनं मान्य केलं तरच विक्री होते. या मान्यतेला कित्येक महिने लागू शकतात, आणि नेमक्या त्या महिन्यांत घरात राहायचं की निघायचं, हा प्रश्न उभा राहतो. (गेल्या काही वर्षांत किमती इतक्या चढल्या आहेत की पुष्कळांना शॉर्ट सेलची गरजच नसते. आजूबाजूची घरं कितीला गेली ते आधी बघा. ऑस्टिनसारख्या ठिकाणी २०२२ च्या तेजीत थोडक्या डाउन पेमेंटवर घर घेतलेल्यांची गोष्ट मात्र निराळी.)

माझं मत सुरुवातीलाच सांगतो : निघणं भागच नसेल तर राहावं. याची कारणं भावनिक नाहीत, कायद्यातली आणि हिशेबातली आहेत.

गैरसमज : नोटीस आली, म्हणजे घर बँकेचं झालं

हप्ता चुकल्याची नोटीस हे जप्तीचं पत्र नव्हे. फोरक्लोजरची, म्हणजे कर्जवसुलीसाठी होणारी, विक्री होईपर्यंत किंवा शॉर्ट सेलचं क्लोजिंग होईपर्यंत मालक तुम्हीच असता. केंद्रीय नियमांप्रमाणे साधारणपणे १२० दिवसांहून अधिक थकबाकी झाल्याशिवाय कर्जाचं काम पाहणाऱ्या कंपनीला, म्हणजे सर्व्हिसरला, फोरक्लोजरची पहिली कायदेशीर पायरीही चढता येत नाही. विक्रीच्या तारखेच्या ३७ दिवसांहून आधी तुमचा शॉर्ट सेलसकटचा पूर्ण अर्ज त्यांच्याकडे पोचला असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत विक्रीही उरकता येत नाही. हे नियम १० जानेवारी २०१४ पासून लागू आहेत.

पण यातली मेख बऱ्याच जणांना ठाऊक नसते. हे संरक्षण तुमच्या मुख्य राहत्या घराला आहे. सामान हलवून दुसरीकडे बस्तान बसवलंत की ‘हे यांचं राहतं घर आहे का?’ अशी शंका घ्यायला तुम्हीच जागा करून देता.

पुढचा वेग राज्याप्रमाणे बदलतो. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीत प्रकरण कोर्टातून जातं आणि रेंगाळतं. टेक्ससमध्ये कोर्टाची पायरी सहसा नसतेच. थकबाकी भरायला किमान २० दिवस, मग विक्रीची २१ दिवसांची नोटीस आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव. त्यामुळे न्यूजर्सीतल्या मावसभावाचा अनुभव डॅलसमध्ये कामाला येत नाही.

शेरीफ येऊन सामान रस्त्यावर टाकेल ही भीतीही अशीच ऐकीव. फोरक्लोजर पुरं झाल्यावरसुद्धा आधीच्या मालकाला बाहेर काढायला रीतसर नोटीस आणि कोर्टाचा हुकूम लागतो. आणि कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही.

गैरसमज : रिकामं घर लवकर विकलं जातं

साध्या विक्रीत यात तथ्य आहे. एजंटला रिकामं, झाडलेलं-पुसलेलं, फोडणीच्या वासापासून मुक्त घर आवडतं. पण शॉर्ट सेलमध्ये गिऱ्हाईक मिळाल्यावरही घर मान्यतेच्या वाटेकडे डोळे लावून बसतं, आणि तेवढ्या काळात रिकाम्या घराचं काय होतं ते पाहा.

पहिला प्रश्न विम्याचा. घरमालकाच्या नेहमीच्या पॉलिसीत घर बराच काळ रिकामं राहिलं तर तोडफोडीची भरपाई मिळत नाही. ही मुदत पॉलिसीप्रमाणे सलग ३० किंवा ६० दिवसांची असते. हीटिंग बंद असताना पाइप गोठून फुटला, तर तोही दावा फेटाळला जाऊ शकतो. न्यूजर्सीत किंवा शिकागोत जानेवारीत वीज-गॅस तोडून घर बंद ठेवलं, तर वरच्या मजल्यावरचा एक फुटलेला पाइप खालचं छत आणि लाकडी फरशी दोन्ही बरबाद करतो. मग गिऱ्हाईक किंमत पाडतं किंवा पळतं. मान्यता ठरावीक किमतीला मिळालेली असते, त्यामुळे सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा प्रश्न कुलपाचा. हप्ते थकले की सर्व्हिसर अधूनमधून माणूस पाठवून घर पाहून घेतो. गवत वाढलेलं, टपालाचा ढीग, मीटर बंद असं दिसलं की ‘सोडून दिलेलं घर’ अशी नोंद होते. मग कंत्राटदार येऊन कुलूप बदलतो, पाण्याची लाइन रिकामी करतो आणि त्याचं बिल तुमच्या कर्जात चढवतो. पुष्कळ गहाणखतांत याची मुभा देणारं कलमच असतं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये, फोरक्लोजरच्या आधी असं घुसण्याची परवानगी देणारी कलमं राज्याच्या कायद्याविरुद्ध ठरवली. त्या खटल्यातली घरमालकीण घरात राहत होती. ती कामावर गेलेली असताना कुलूप बदललं गेलं होतं. राहत्या घराबाबत हे होऊ शकतं, तर बंद घराची काय कथा!

गैरसमज : चावी दिली की सुटलो

घर स्वेच्छेनं बँकेच्या नावे करून देण्याचा मार्ग आहे, पण तो बँकेनं लेखी स्वीकारावा लागतो. पाकिटात चावी घालून पाठवल्यानं मालकी हलत नाही. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत ‘झॉम्बी’ घरांचा प्रकार गाजला तो यातूनच. लोक नोटिशीला घाबरून निघून गेले, बँकेनं फोरक्लोजर अर्धवट सोडलं, आणि काही वर्षांनी मालमत्ता कर, वाढलेल्या गवताचा दंड, मोडक्या जिन्याबद्दल नगरपालिकेचं पत्र, सगळं जुन्या मालकाच्या नव्या पत्त्यावर. न्यूयॉर्कनं २०१६ मध्ये कायदा करून रिकाम्या घरांची निगा कर्ज देणाऱ्यांच्या गळ्यात घातली. सगळ्या राज्यांत तशी सोय नाही. होमओनर्स असोसिएशनची वर्गणी तर कुठंच थांबत नाही, आणि ती थकली तर असोसिएशन घरावर बोजा चढवू शकते.

तुटीचं काय? कॅलिफोर्नियात २०११ च्या कायद्यानं शॉर्ट सेलला मान्यता देणाऱ्या संस्थेला सहसा उरलेली रक्कम मागता येत नाही. इतरत्र बहुतेक ठिकाणी मान्यतापत्राच्या भाषेवर ठरतं. त्यात फक्त तारण सोडल्याचं लिहिलं असेल आणि कर्ज फिटल्याचं लिहिलं नसेल, तर तूट तुमच्या मानगुटीवर बसू शकते. हे पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

माफ झालेली रक्कम आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, सहसा उत्पन्न मानतं, हेही अनेकांना क्लोजिंगनंतर कळतं. राहत्या घरासाठी २००७ मध्ये आलेली करसवलत मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत २०२५ अखेरपर्यंत पोचली होती. त्या कायद्यापलीकडचा कायमचा आधार दिवाळखोरीचा किंवा देणी मालमत्तेहून जास्त असल्याचा. दुसऱ्या प्रकारात, जेवढ्यानं देणी जास्त तेवढ्यापुरता कर वाचतो. त्यासाठी ९८२ क्रमांकाचा फॉर्म आहे. सीएला नव्हे, अमेरिकेतल्या सीपीएला विचारा.

गैरसमज : भारतातून सही करू, त्यात काय!

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त महागात पडू शकेल असा हा समज. विक्री होईपर्यंत अमेरिकी करकायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी ठरलात, तर खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे भरावी लागते. तो स्वतः राहायला घर घेत असेल तर ३ लाख डॉलरपर्यंत कपात नाही, आणि त्यापुढे १० लाखांपर्यंत १० टक्के. वरच्या उदाहरणात हे झाले ४६ हजार डॉलर. पण शॉर्ट सेलमध्ये तर सगळा पैसा बँकेकडे जातो, तुमच्या हाती छदामही येत नाही. मग हे ४६ हजार आणायचे कुठून? बँक आपल्या वाट्यातून सोडत नाही आणि खरेदीदार पदरचे घालत नाही. ८२८८-बी फॉर्म भरून कपात कमी किंवा माफ करून घेता येते, पण त्या अर्जाला आयआरएस साधारण ९० दिवस घेते. त्यामुळे अर्ज क्लोजिंगच्या आधीच जायला हवा. ग्रीन कार्ड असेपर्यंत ही भानगड सहसा येत नाही. एच-वन-बीवाल्यानं मात्र निघण्याची तारीख पक्की करण्याआधी हे तपासावं.

सहीची गोष्ट त्यामानानं सोपी. विश्वासातल्या माणसाला त्या घरापुरतं मुखत्यारपत्र इथं असतानाच नोटरीसमोर करून द्या, आणि ते चालेल का हे सर्व्हिसर आणि टायटल कंपनी दोघांनाही आधी विचारा. नाहीतर मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत नोटरीची वेळ घ्या, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर मोजा, आणि तोवर मान्यतापत्राची मुदत संपली तर पुन्हा अर्ज करा.

‘भाडेकरू ठेवून जाऊ’ हाही उपाय वाटतो तितका सरळ नाही. घर दाखवायला त्याच्या सोयीनं जावं लागतं, आणि भाडेकरार विक्रीनंतरही टिकणारा असेल तर स्वतः राहायला घर घेणारा गिऱ्हाईक पाठ फिरवतो. आणि नातेवाइकाला विकून स्वतःच तिथं भाड्यानं राहायचा बेत असेल, तर क्लोजिंगच्या वेळी दोन्ही पक्षांकडून असा छुपा करार नसल्याचं प्रतिज्ञापत्र घेतात. खोटं लिहिलंत तर तो मात्र फौजदारी मामला होऊ शकतो.

उलटा गैरसमज : घर सोडलं तर शॉर्ट सेल मिळतच नाही

असंही नाही. नोकरीसाठी दूर जावं लागणं हे स्वतःच अडचणीचं ग्राह्य कारण धरलं जातं. घटस्फोट आणि आजारपणही. घरात मारहाण होत असेल तर कुठल्याही हिशेबाआधी बाहेर पडावं. फरक पडतो तो बिऱ्हाड हलवण्यासाठी मिळणाऱ्या पैशांत. २०१६ अखेर बंद झालेल्या सरकारी ‘हाफा’ योजनेत विक्रीनंतर आधी ३ हजार आणि शेवटी १० हजार डॉलरपर्यंत मिळत. पण २०१२ पासून, मालक किंवा भाडेकरू घरात राहत असेल तरच. आजही अशी मदत देऊ करताना बहुतेक ठिकाणी राहतं घर असण्याची अट असते.

राहणं म्हणजे फुकट राहणं, असं मात्र कुणी समजू नये. व्याज आणि दंड चढत राहतात, तूट फुगते. हप्ता भरणं शक्य नसलं तरी वीज, पाणी, विमा आणि असोसिएशनची वर्गणी चालू ठेवावी.

निघणं भागच असेल तर सर्व्हिसरला लेखी कळवा की घर विक्रीला आहे, सोडून दिलेलं नाही. एजंटला परस्पर बोलण्याचं अधिकारपत्र द्या. विमा कंपनीकडून रिकाम्या घराची पॉलिसी घ्या. हीटिंग चालू ठेवा, टपाल वळवा आणि शेजारच्या कुणाला तरी आठवड्यातून एक फेरी मारायला सांगा.

फोरक्लोजर टाळण्याचा सल्ला अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या मान्यताप्राप्त समुपदेशकांकडे विनामूल्य मिळतो. ‘कर्ज कमी करून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्या कंपन्यांना केंद्रीय नियमानं तशी मनाई आहे, वकिलांना काही अटींवर सूट आहे. तेव्हा कुणी कामाआधीच फी मागितली, तर फोन ठेवून द्या.