लवंग आणि लवंगेचे तेल एक नव्हे

आपल्या व्यापारी बांधवांच्या घरांत औषधांचा डबा परंपरेने असतोच. ओवा, सुंठ, लवंग, कापूर आणि निलगिरीचे तेल यांवाचून तो पुरा होत नाही. दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा, सर्दी झाली की निलगिरीचा वाफारा, हे उपचार आम्हीही आजीच्या हातून घेतले आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हीच तेले चमच्याने पोटात घेण्याची, मधात वा दुधात घालून मुलांना पाजण्याची चाल दिसू लागली, म्हणून चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. ‘झाडपाल्याची वस्तू, ती काय अपाय करणार?’ असे गिऱ्हाईक विचारते. त्या प्रश्नास उत्तर देणे हे आम्ही विक्रेत्यांचेही कर्तव्य होय.

तीळ किंवा शेंगदाणे घाण्यात घालून काढतात ते खाद्यतेल निराळे. सुवासिक तेल काढताना वनस्पतीतून वाफ नेतात, ती वाफ निववितात आणि पाण्यापासून तेलाचा थर वेगळा करितात. या क्रियेत चोथा, पिष्ट, तंतू सारे मागे राहते व एकवटलेला तीव्र अर्क तेवढा हाती येतो.

व्यापाऱ्यास वजनाची भाषा चटकन उमगते, म्हणून हिशेबच मांडतो. उत्तम लवंगेत तेलाचे प्रमाण सुमारे १५ ते २० टक्के असते. म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावणारे ५ मिलिलिटर तेल मिळविण्यास २५ ते ३५ ग्रॅम लवंग लागते. भाताच्या पातेल्यात चार लवंगा टाकणारी गृहिणी मूठभर लवंगा कोणास एका घासात खावयास देणार नाही; पण चमचाभर तेल देताना ती नेमके तेच करिते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य मोठ्या मात्रेत यकृतास इजा करिते, आणि लहान मुलांत अशा विषबाधेच्या नोंदी वैद्यकात आहेत.

निलगिरीच्या पाल्यात तेल त्याहून पुष्कळच कमी, म्हणून त्याच्या एका चमच्यामागे पाव ते अर्धा किलो पाला खर्ची पडतो. हे तेल पोटात गेल्यास मुलास थोड्याच वेळात गुंगी येते, तोल जातो, श्वास मंदावतो, कधी आकडीही येते. सांधेदुखीवर चोळावयाच्या विंटरग्रीन तेलाची गोष्ट तर अधिकच गंभीर. त्याच्या एका चमच्यात अ‍ॅस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. बालकास एवढे प्राणघातक ठरू शकते.

कापराविषयीचा धडा अमेरिकेने मोठी किंमत देऊन घेतला. तेथे सरकीच्या तेलात २० टक्के कापूर विरघळवून केलेले चोळण्याचे तेल घरोघरी असे. एरंडेल समजून ते मुलांना पाजले जाई. एका चमच्यात १ ग्रॅम कापूर, आणि तेवढ्याने लहान मूल दगावल्याची उदाहरणे घडली. अखेर १९८२ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने ते तेल बाजारातून काढविले, व १९८३ मध्ये अंगास लावण्याच्या औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर बांधून दिले. दोष वस्तूचा जेवढा, तेवढाच सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांचा होता.

असा प्रसंग आमच्याही घरी येता येता टळला. निलगिरीची व खोकल्याच्या औषधाची बाटली एकाच फडताळात शेजारी ठेविल्या होत्या. रात्री दिवे गेले असता नातवासाठी चमचा भरला गेला. ओठांशी नेताना उग्र वास आला म्हणून सूनबाई थबकल्या. त्या दिवसापासून ती बाटली कुलपाच्या कपाटात गेली, आणि दुकानातील आमची रीतही बदलली.

ती रीत सांगतो. सुटे तेल आम्ही औषधाच्या वा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून देत नाही. प्रत्येक बाटलीवर तेलाचे नाव आणि ‘पोटात घेऊ नये’ ही अक्षरे ठळक असतात. ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ पिण्याजोगे असा नव्हे, हे गिऱ्हाइकास तोंडी सांगतो. साबण व अत्तरासाठी आलेला माल औषध म्हणून विकत नाही. आरतीचा कापूर आज बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो, हेही सांगण्यास विसरत नाही. तान्ह्या मुलाच्या नाकाशी वा तोंडाशी यांपैकी कोणतेही तेल लावू नये. गरोदर स्त्रीने व आकडीचा विकार असलेल्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून ही तेले वापरू नयेत.

इतकी काळजी घेऊनही कोणाच्या पोटात तेल गेलेच, तर ओकारी काढू नये. ओकताना तेल फुप्फुसात शिरते व आकडी आली तर गुदमरण्याचा धोका असतो. मीठपाणी, दूध, तूप असे काहीही आपल्या मनाने पाजू नये. मूल बरे दिसते म्हणून वाट पाहू नये. १०८ वर गाडी बोलवावी किंवा तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि बाटली बरोबर न्यावी.

ओव्याची चिमूट, लवंगेचा तुकडा, पुदिन्याची चटणी ही आपल्या स्वयंपाकघरातील मापे पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली आहेत. ती सुखाने पाळावीत. आपल्या परंपरेत औषधदान व अभयदान यांची गणना एकाच पंक्तीत होते. अजाणतेपणी दिलेल्या औषधाने कोणाच्या घरी भय शिरू नये, एवढी दक्षता गल्ल्यावर बसलेल्या प्रत्येक बांधवाने घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.