न दिसणाऱ्या विषाणूचा माग

सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी हिवतापाचा माग काढणाऱ्या डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत काळसर कण असलेल्या पेशी दिसल्या. तसेच कण त्यांनी हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात पाहिले होते, म्हणून हिवतापाच्या परजीवीची ओळख लगेच पटली. बेगमपेठेत त्यांच्या नावाची इमारत आजही आहे. जननेंद्रियांच्या हर्पीसचा विषाणू मात्र रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाला सापडलाच नसता. तो जेमतेम 150 ते 200 नॅनोमीटरचा, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर साधारण तिथेच संपते. त्यामुळे या रोगाच्या बहुतेक तपासण्यांत चोर दिसत नाही, त्याची पावले दिसतात.

रॉस यांच्या आधी सिकंदराबादच्या याच लष्करी छावणीत ‘लॉक हॉस्पिटल’ असे. मद्रास इलाख्याच्या जुन्या अहवालांत सिकंदराबादबरोबर आपल्या कामठीचेही नाव येते. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून तिथे बाजारातल्या बायकांना सक्तीने तपासत. तपासणी म्हणजे डॉक्टरची नुसती नजर. तिच्या भरवशावर बायकांना डांबून ठेवत, याची चीड आजही यावी.

नजर का पुरत नाही? पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुबका दिसला तर निदान सोपे. पण पुळ्या फुटून साधी चीर किंवा व्रण उरला की सिफिलिसपासून खरचटण्यापर्यंत काहीही असू शकते. त्यात आपल्याकडे ‘हर्पीस’ म्हटले की लोकांना नागीण आठवते. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. कुळ एक, पण विषाणू वेगळा.

सर्वांत स्वस्त तपासणी त्झांक यांची. पॅरिसच्या आर्नो त्झांक यांनी 1947 मध्ये ती त्वचारोगांसाठी मांडली. ताजी पुळी फोडायची, तळ पात्याने हलका खरवडायचा, खरवड काचपट्टीवर पसरून वाळवायची आणि तिच्यावर गीम्सा रंग ओतायचा. हा रंग मुळात हिवतापाचे परजीवी दिसावेत म्हणून तयार झालेला! मग भिंगाखाली एरवी सुटसुटीत असणाऱ्या पेशी एकमेकींत मिसळून एकच मोठी पेशी झालेली दिसते. आत पाच-सहा केंद्रके एकमेकांना चेपून बसलेली. विषाणू इथे येऊन गेला, एवढे ती सांगते. तो हर्पीसचा पहिला प्रकार, दुसरा, की नागिणीचा, हे तिला विचारू नये.

ते सांगते पीसीआर. कोविडच्या काळात गांधी हॉस्पिटलमुळे हा शब्द सिकंदराबादेत घरोघरी पोचला. कोविडसाठी नाकात काडी फिरवत, हर्पीससाठी ती व्रणाच्या तळाशी फिरवायची. हर्पीसचा विषाणू डीएनएचा असल्याने कोविडच्या तपासणीतली आरएनएचे डीएनए करण्याची पहिली पायरी लागत नाही. पूर्वी विषाणू जिवंत पेशींवर वाढवून पाहत; त्या ‘कल्चर’पेक्षा पीसीआर कितीतरी अधिक वेळा विषाणू पकडते. पण नमुना ताजा हवा. खपली धरली की हाती लागण्याची शक्यता झपाट्याने घटते. लाजेपोटी आठवडाभर थांबलेल्या रोग्याचा अहवाल निगेटिव्ह आला, तर त्यावरून तो सुटला असे होत नाही.

पुळीच नसेल तर उरते रक्त. रक्तात विषाणू नव्हे, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. ‘ग्लायकोप्रोटीन जी’ हे प्रथिन दोन्ही प्रकारांत वेगळे असल्याने त्यावर बेतलेली आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी प्रकार ओळखते. प्रतिपिंडे तयार व्हायला मात्र बारा आठवडेही लागू शकतात. शिवाय पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडे सापडली तरी विषाणू ओठांवर आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजानुसार पन्नाशीखालच्या सुमारे 380 कोटी लोकांत हा पहिला प्रकार आहे. बहुतेकांना तो लहानपणीच लागलेला. दुसऱ्या प्रकारातही आकडा काठावरचा असला तर निकाल चुकीचा पॉझिटिव्ह असू शकतो. म्हणून अहवालातला निर्देशांक 3 च्या खाली असेल तर वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासावे, असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या 2021 च्या सूचना म्हणतात. लक्षणे नसलेल्या सरसकट सगळ्यांची तपासणी करू नये, असाही तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे.

सर्वांत फसवी तपासणी आयजीएम या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांची. ती नवी लागण आणि जुनीच पुन्हा उसळलेली यांत फरक करू शकत नाही. तरी गर्भपातानंतर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीत ती असते (शेवटचा एच हर्पीसचा), आणि एका ‘पॉझिटिव्ह’ शब्दावरून घरात संशयाचा धूर निघतो.

तपासणी निरर्थक आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत 1993 पासून एचआयव्ही नसलेल्या 2,732 जणांचा पाठपुरावा झाला. त्यांतल्या 43 टक्क्यांच्या रक्तात दुसऱ्या प्रकाराची प्रतिपिंडे आधीच होती. ज्यांना हर्पीस नुकताच लागला होता, त्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका जवळपास चौपट दिसला.

गुप्तरोगांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये मात्र लक्षणांवरूनच उपचार ठरतो. पुळ्या हर्पीसच्या वाटल्या की लाल रंगाचे पाकीट मिळते: असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. हर्पीसच्या अहवालाची वाट पाहत नाहीत. रक्त घेतात ते सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी. गोळ्यांनी पुळ्या सुकतात. विषाणू माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन झोपतो, आणि तिथवर ना काडी पोचते, ना पाते.